दवाखान्याची वेळ आणि जिवाची वेळ

बीड जिल्ह्यातील अनेक गावांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात आणि चैत्राच्या सुमारास त्या गावी परततात. काही लाख माणसे या काळात घराबाहेर, फडाजवळच्या कोप्यांत राहतात. या दुहेरी जीवनाचा परिणाम मुलांच्या शाळेवर होतो, शिधापत्रिकेवर होतो. परंतु सर्वांत खोल परिणाम होतो तो आरोग्यावर. रुग्णाची नोंद गावच्या उपकेंद्रात आणि रुग्ण मात्र दोनशे-तीनशे किलोमीटर दूर, अशी ही स्थिती असते. अशा जिल्ह्यात डॉक्टरांकडे केव्हा जावे, कोठे जावे आणि कोणत्या वेळी एक क्षणही थांबू नये, हे ज्ञान केवळ वैयक्तिक सोयीचे राहत नाही. ते गावाच्या नियोजनाचा एक भाग ठरते.

दुखणे अंगावर काढण्याची किंमत

‘दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी असली तरी ती सर्व आजारांना लागू पडत नाही. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, रक्तक्षय, गर्भाशयाचे विकार ही दुखणी मुंगीच्याच पावलाने येतात. ती येत असताना माणूस कामावर जातो, स्वयंपाक करतो, मोळ्या वाहतो. म्हणून ‘अजून चालतंय’ असे समजून दुखणे अंगावर काढले जाते. ऊसतोडीच्या हंगामात तर त्याला आर्थिक कारणही जोडले जाते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. एका दिवसाचा खाडा म्हणजे दोघांच्या मजुरीला मुकणे. काही ठिकाणी त्यावर दंडही कापला जातो. दवाखान्यात जाण्याचा दिवस अशा रीतीने महाग होतो आणि साधा विकार तातडीच्या आजाराचे रूप घेईपर्यंत तसाच राहतो.

याचा सर्वांत कठोर पुरावा २०१९ मध्ये राज्यापुढे आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार असल्याच्या तक्रारी आल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः दर सहा महिलांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ मधील फेरीत संपूर्ण राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते. या आकड्यांमागे अनेक कारणे आहेत. फडावर पाण्याची व शौचालयाची सोय नसणे, पाळीच्या दिवसांतही जड काम करावे लागणे, कर्करोगाची घातलेली भीती, आणि खाजगी रुग्णालयांवरील अपुरे नियंत्रण, ही त्यांतील काही होत. परंतु या सर्व कारणांना एक धागा जोडतो. अंगावरून पांढरे जाणे, अनियमित रक्तस्राव, ओटीपोटात दुखणे, या तक्रारी वेळेवर तपासून औषधोपचार घेण्याची संधी या भगिनींना मिळाली नाही. पहिली भेट झाली ती थेट शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी. ठरवून घेतलेली तपासणी आणि तातडीचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. पहिली चुकली की दुसरीची गरज वाढते.

वेळेचे तीन प्रकार

रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी प्रत्येक दुखण्यापुढे एकच प्रश्न विचारावा : हे किती थांबू शकते? त्याच्या उत्तराप्रमाणे दुखण्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट ठरवून जाण्याचा. गरोदरपणातील तपासणी, लसीकरण, रक्तदाब व मधुमेहाची औषधे, क्षयरोगाचा पाठपुरावा, पाळीच्या जुन्या तक्रारी, डोळ्यांतील मोतीबिंदू, तोंडातील बरा न होणारा व्रण, स्तनातील गाठ. यांना दिवस ठरवता येतो; मात्र ठरवलेला दिवस टाळता येत नाही.

दुसरा गट आज किंवा उद्याच जाण्याचा. दोन दिवसांहून अधिक टिकलेला ताप, लघवीची जळजळ, पिकलेली जखम, लहान मुलाचे जुलाब, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पुढील मात्रा दिलेल्या तारखांना घेणे तितकेच आवश्यक असते, कारण पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही.

तिसरा गट क्षणाचाही विलंब न लावण्याचा. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटणे; चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे; सर्पदंश; लहान मुलाला विंचूदंश; कीटकनाशक पोटात जाणे; न थांबणारा रक्तस्राव; झटके; बेशुद्धी; श्वास लागणे. गरोदर स्त्रीला अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी होऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे किंवा बाळाची हालचाल थांबणे, आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव होतच राहणे, ही सर्व लक्षणे याच गटात मोडतात. तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, गार पडले किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, तरी सकाळची वाट पाहू नये.

पक्षाघाताच्या काही रुग्णांत रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध उपयोगी पडते. पण ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यापूर्वी मेंदूचे सी.टी. स्कॅन करावे लागते. म्हणून ‘रात्री झोपताना ठीक होते, की जेवताना हात लुळा पडला?’ या प्रश्नाचे घड्याळातील उत्तर डॉक्टरांना मिळाले पाहिजे. लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर टिपून ठेवणे हे शिपायापासून सरपंचापर्यंत कोणालाही जमणारे काम आहे.

कोठे जावे?

शासकीय आरोग्यसेवा पायऱ्या-पायऱ्यांनी उभारलेली आहे. सर्वसाधारण भागात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे एक लाख वीस हजारांस एक ग्रामीण रुग्णालय, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. त्यावर उपजिल्हा रुग्णालये, बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. त्यांचे नाव धारण करणारे हे महाविद्यालय १९७४ मध्ये स्थापन झाले, तेच मुळी ग्रामीण रुग्णांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून.

पहिल्या गटातील बहुतेक कामे उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात. आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर तपासतात, आणि ई-संजीवनी या दूरध्वनी-चित्र सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्लाही मिळवून देतात. सर्दी-तापासाठी अंबाजोगाईची रांग धरणे आणि हृदयविकाराच्या रुग्णास उपकेंद्राच्या दारात बसवून ठेवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच हानिकारक होत.

जिल्ह्याची हद्द ही रुग्णाची हद्द नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आष्टी तालुक्यातील अनेक गावांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. तातडीच्या वेळी जवळचे आणि त्या उपचाराची सोय असलेले रुग्णालय हेच योग्य रुग्णालय होय.

ठरवून घेतलेली भेट

बाह्यरुग्ण विभागाची वेळ केंद्राच्या दर्शनी फलकावर लिहिलेली असते. निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीकडून वैद्यकीय अधिकारी त्या दिवशी केंद्रात आहेत की शिबिरास गेले आहेत, याची खात्री करून घ्यावी. एका खेपेची मजुरी त्यामुळे वाचते.

भेटीस जाताना तीन गोष्टी बरोबर असाव्यात : जुने सर्व कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, चालू औषधांची पाकिटे, रिकामी झाली असली तरी, आणि तक्रारींची छोटी यादी, मुख्य तक्रार सर्वांत वर. परत निघण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. आजार कोणता आहे? औषध किती दिवस घ्यावयाचे? पुन्हा केव्हा यावयाचे? आणि कोणते लक्षण दिसल्यास त्या तारखेची वाट न पाहता यावयाचे? चौथा प्रश्न बहुतेक जण विचारीत नाहीत. खरे तर ठरवलेल्या भेटीचा आणि तातडीच्या भेटीचा सांधा त्यातच आहे.

गरोदर मातेच्या किमान चार तपासण्या व्हाव्यात. पहिली बाराव्या आठवड्याच्या आत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची निःशुल्क तपासणी होते. ही तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमची रंगवून ठेवण्यासारखी आहे.

गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास त्याच दिवशी होकार देऊ नये, जीवघेणा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. सोनोग्राफी झाली का, गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, औषधांनी उपचार करून पाहिला का, हे विचारावे आणि शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यावे. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. त्यामागील हेतू हाच, की घाईच्या निर्णयाला थोडा अवधी मिळावा. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी शासकीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. कर्करोगाच्या भीतीचे उत्तर या तपासणीत आहे. शस्त्रक्रियेकडे त्यानंतरच वळावे.

टोळी निघण्यापूर्वी व परतल्यावर

ऊसतोडीस जाणाऱ्या महिलांची स्थलांतरापूर्वी व परतल्यानंतर आरोग्य तपासणी व्हावी, असे धोरण २०१९ च्या प्रकरणानंतर स्वीकारले गेले. ते कागदावर राहू नये यासाठी गावाने आपले वेळापत्रक करावे. भाद्रपद-आश्विनात, मुकादमाशी बोलणी पक्की होत असतानाच, तपासणीचा दिवस ठरावा. त्या दिवशी रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन पाहावे. मुलांच्या राहिलेल्या लसी द्याव्यात. दीर्घकालीन औषधे चालू असणाऱ्यांना केंद्रात देता येतील तितक्या दिवसांची औषधे व आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी. क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत असते. त्यामुळे पत्ता बदलला तरी मुक्कामाच्या ठिकाणच्या शासकीय केंद्रातून औषधे मिळू शकतात. मात्र जाण्यापूर्वी तसे कळवले पाहिजे.

माता-बाल संरक्षण कार्ड गावी पेटीत ठेवू नये. ते कोपीत, हाताशी असावे. मुक्कामावर पोहोचताच तेथील आशा कार्यकर्तीचे नाव, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कारखान्याचे नाव यांची नोंद टोळीतील एकाच्या तरी वहीत असावी. रात्री मदत मागवताना ‘आम्ही उसाच्या फडात आहोत’ एवढेच सांगून वाहन पोहोचत नाही. कोणत्या गावची शीव, कोणत्या कारखान्याची गट-कचेरी, कोणता रस्ता, हे सांगता आले पाहिजे.

कोप्यांत जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार सापाचा विशेष धोका असतो. त्याच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या, गिळता येईना, तर दंश दिसो वा न दिसो, रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांच्या दंशावर शासकीय रुग्णालयांत मिळणारे प्रतिविष हाच उपाय आहे. दंश झालेला अवयव फळी लावून स्थिर ठेवावा. घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. आणि मांत्रिकाकडे नेण्यात अर्धा तासही दवडू नये. विंचूदंशाची कथा थोडी वेगळी, पण आशादायक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर कोकणात विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. ग्रामीण दवाखान्यात झालेले हे संशोधन जगाने स्वीकारले. पण गोळीचा गुण येतो तो रुग्ण वेळेत पोहोचला तरच. कीटकनाशक पोटात गेल्यास उलटी करवू नये. बाटली किंवा तिचे लेबल रुग्णाबरोबर न्यावे.

१०८ ला काय सांगावे?

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. १०८ हा क्रमांक कोणत्याही दूरध्वनीवरून निःशुल्क लागतो. दूरध्वनी करणाऱ्याने शांतपणे पाच गोष्टी सांगाव्यात : गाव व तालुका, ठळक खूण, जसे मंदिर, शाळा, पाण्याची टाकी, रुग्णास काय झाले व केव्हापासून, तो शुद्धीवर आहे का, श्वास घेतो का, आणि चालू असलेला दुसरा दूरध्वनी क्रमांक. नंतर फोन बंद करू नये. एका माणसाने फाट्यावर उभे राहावे, रात्री हातात विजेरी असावी. गरोदर माता व एक वर्षाच्या आतील आजारी बालके यांच्यासाठी १०२ क्रमांकाची सेवाही आहे.

रुग्णवाहिका येण्यास वेळ लागणार असेल, तर वाट पाहावी की गावातील वाहनाने निघावे, हा निर्णय त्याच दूरध्वनीवर डॉक्टरांना विचारून घ्यावा. डोंगरपट्ट्यातील वाड्यांवर गावचे वाहन अर्ध्या वाटेपर्यंत येणे आणि रुग्णवाहिकेने तेथे गाठणे, हाही मार्ग असू शकतो.

पैसा आणि हक्क

‘पैसे जमवून जाऊ’ या वाक्यात अनेकांचे प्राण गेले आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाची असल्याने ती त्या निर्णयात आली नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया व गंभीर आजार यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली, आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपये करण्यात आली. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होताच त्याला भेटावे. शिधापत्रिका व आधार पत्राच्या प्रती आधीच पिशवीत ठेवाव्यात, परंतु त्या शोधण्यासाठी रुग्णाला घरी थांबवू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन झाले तरी, औषधे, रक्त, आहार व वाहन यांसह निःशुल्क आहे.

तातडीच्या रुग्णाला परत पाठवणे हे कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले, की जीव वाचवणे हे शासकीय व खाजगी प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पुढे रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही. त्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने ही गोष्ट जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवली आणि भरपाई देवविली. अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रस्त्यावरील जखमीकडे पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवण्याचे कारण आता उरलेले नाही.

पंचायत व शाळा यांचे काम

हे सर्व ज्ञान प्रत्येक घराने स्वतंत्रपणे मिळवावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. येथे ग्रामपंचायतीचे व शिक्षकांचे स्थान येते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अबंधित निधी मिळतो. त्याच्या विनियोगात तातडीच्या रुग्णाच्या वाहनाचा विचार व्हावा. पंचायतीच्या भिंतीवर एक फलक असावा : १०८, १०२, आशा व आरोग्यसेविकेचे क्रमांक, रात्री उपलब्ध होणाऱ्या दोन वाहनधारकांचे क्रमांक, जवळच्या रुग्णालयांची नावे व अंतरे, आणि सर्पदंशावरील प्रतिविष कोठे मिळते याची नोंद. ही नोंद दर तीन महिन्यांनी आरोग्य केंद्राकडून पडताळून घ्यावी. दसऱ्यापूर्वीच्या ग्रामसभेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची व त्यांतील गरोदर मातांची यादी तयार व्हावी, आणि ती मुक्कामाच्या तालुक्यातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी.

शिक्षकांनी एक तास या विषयास द्यावा. १०८ ला दूरध्वनी कसा करावा याचे प्रात्यक्षिक मुलांकडून करून घ्यावे. आपल्या वस्तीचा पत्ता खुणेसह सांगण्याचा सराव हा भूगोलाचाच धडा आहे. आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे क्रमांक लिहून द्यावेत. कोपीत अनेकदा वाचता येणारी व्यक्ती तेच मूल असते.

रुग्णालये वाढावीत, पदे भरली जावीत, फडावर पाणी व निवारा मिळावा, या मागण्या रास्तच आहेत आणि त्यांचा पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे. परंतु असलेल्या सोयीपर्यंत वेळेत पोहोचण्याचे ज्ञान गावाला आजच देता येते. येत्या हंगामात टोळ्यांची वाहने गावाबाहेर पडतील, तेव्हा त्यांत कोयत्यांबरोबर प्रत्येक कुटुंबाची कागदांची पिशवीही असेल, एवढे एक काम पंचायतीने हाती घेतले तरी त्याचा लाभ त्याच वर्षी दिसून येईल.